कृशांच्या मुलखातील मेदाचा प्रश्न



दिवंगतांच्या स्मृतीला अभिवादन करण्याच्या ज्या रीती आपल्या समाजात रूढ आहेत, त्यांपैकी त्यांच्या नावाने चार माणसांनी एकत्र बसावे आणि एखाद्या प्रश्नाचा साधकबाधक विचार करावा, ही रीत मला सर्वांत सुसंस्कृत वाटते. म्हणून व्याख्यानमालेच्या चालकांचे निमंत्रण मी आनंदाने स्वीकारले. विषय मात्र असा आहे की तो ऐकून एखादा जाणता श्रोता क्षणभर थबकेल. आहार आणि व्यायाम यांच्या योगे वजन घटविणे, आणि त्याचा हृदयावर, रक्तवाहिन्यांवर व शरीरातील शर्करा-मेदांच्या व्यवहारावर होणारा परिणाम, ही चर्चा पुण्यामुंबईच्या सभागृहात शोभेल; परंतु ज्या मुलखाचे नाव सरकारी दप्तरात वर्षानुवर्षे कुपोषण, हिवताप आणि सिकलसेल या मथळ्यांखालीच येत राहिले, तेथे मेदवृद्धीचा विचार ही निव्वळ चैन नव्हे काय? हा पूर्वपक्ष खोटा नाही. तो प्रामाणिक आहे, आणि म्हणूनच त्याचे उत्तर वक्तृत्वाने न देता वस्तुस्थितीने दिले पाहिजे.

प्रथम मुलूख पाहू. २६ ऑगस्ट १९८२ रोजी जुन्या चांदा, म्हणजे चंद्रपूर, जिल्ह्याची वाटणी होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. पण माणसांच्या राहणीच्या दृष्टीने पाहिले तर येथे दोन नव्हे, तीन मुलूख आहेत. पश्चिमेला कोळशाच्या खाणी, औष्णिक वीजकेंद्र, बल्लारपूरची कागदगिरणी आणि सिमेंटचे कारखाने यांच्या आश्रयाने वाढलेला पगारदार चंद्रपूर. मध्ये वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर, मालगुजारी तलावांच्या पाण्यावर धान पिकविणारी झाडीपट्टी. आणि पलीकडे एटापल्ली-भामरागडच्या रानात कोसरी, कंद, मासळी आणि मोहफुले यांवर गुजराण करणारा माडिया आदिवासींचा प्रदेश. एकाच आरोग्य खात्याचा अंमल तिन्हींवर चालतो आणि एकच छापील सल्ला तिन्हींकडे जातो. माझ्या आजच्या तक्रारीचे मूळ तेथेच आहे.

आता वस्तुस्थिती. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीत स्थापिलेल्या ‘सर्च’ या संस्थेचे नाव जगाला कळले ते नवजात अर्भकांच्या घरोघरच्या शुश्रूषेमुळे. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात ३९ गावांमध्ये गावातल्याच बाईला शिकवून तयार केले होते आणि ४७ गावे तुलनेसाठी घेतली होती. बालमृत्यू मोजता मोजता गावातील प्रत्येक मृत्यूची नोंद आणि त्याच्या कारणाची चौकशी करण्याचा एक शिरस्ताच तेथे पडून गेला, आणि त्या शिरस्त्यातून पुढे एक अनपेक्षित कैफियत बाहेर आली. एप्रिल २०११ ते मार्च २०१३ या दोन वर्षांत गडचिरोलीच्या ८६ गावांतील १५९९ मृत्यूंची छाननी केली असता सर्वांत अधिक माणसे ज्या एका कारणाने गेली ते हिवताप नव्हते, क्षय नव्हता आणि अतिसारही नव्हता. ते होते पक्षाघात. २२९ माणसे, म्हणजे शेकडा १४ हून अधिक, मेंदूतील रक्तवाहिनी तुंबून किंवा फुटून दगावली, आणि त्यांपैकी बहुतेकांनी घरीच प्राण सोडले. पक्षाघाताच्या कारणांत अग्रस्थान रक्तदाबाचे, आणि रक्तदाबाचे नाते मिठाशी, तंबाखूशी, दारूशी, बैठेपणाशी आणि मेदाशी. उपासमारीच्या म्हणून नोंदलेल्या जिल्ह्यात श्रीमंतांच्या म्हणून समजल्या गेलेल्या रोगाने असा पहिला क्रमांक मिळविला, तेव्हा पूर्वपक्षाची अर्धी बाजू तेथेच कोसळते.

उरलेली अर्धी बाजू अशी की हे रोगी तर बहुधा सडपातळ असतात. मग मेदाचा येथे संबंध काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्रातच, पुण्याच्या केईएम रुग्णालयात, डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी दिले आहे. पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील गर्भवती स्त्रिया आणि त्यांची मुले यांचा अभ्यास त्यांनी १९९३ पासून चालविला. तेथील नवजात बालकाचे वजन सरासरी २.७ किलो, तर इंग्लंडमधील साऊदॅम्प्टनच्या बालकाचे ३.५ किलो; परंतु हा तोटा शरीराच्या सर्व घटकांत सारखा वाटला गेलेला नव्हता. आपल्या बाळाचे स्नायू कमी होते, पोटातील इंद्रिये लहान होती. त्वचेखालची चरबी मात्र त्या मानाने जवळजवळ शाबूत होती. आईच्या पोटातच काटकसर शिकलेले हे शरीर मोठे झाल्यावरही त्याच रीतीने चालते: हातपाय काटकुळे, पोट तेवढे सुटलेले. २००४ साली याज्ञिकांनी आपले इंग्रज सहकारी जॉन युडकिन यांच्याबरोबर स्वतःचे एक छायाचित्र ‘लॅन्सेट’मध्ये छापले. उंचीच्या मानाने वजनाचा जो निर्देशांक काढतात तो दोघांचा अगदी एक, २२.३, पण अंगातील चरबी इंग्रजाची शेकडा ९.१ आणि आपल्या डॉक्टरांची शेकडा २१.२. एवढ्या एका चित्राने वजनकाट्याची प्रतिष्ठा जितकी खाली आली तितकी दहा ग्रंथांनी आली नसती. काटा हा एक साक्षीदार आहे, आणि बरेचदा अपुरी साक्ष देणारा. त्याच्या एकट्याच्या जबानीवर निकाल देणे योग्य नव्हे.

दुसरा आणि अधिक भरवशाचा साक्षीदार म्हणजे शिंप्याची फीत. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या बरोबर मध्यावर, कपडा बाजूला सारून, माणसाला सहज श्वास सोडायला सांगून, फीत न आवळता घेर मोजावा. पोट आत ओढण्याची जी स्वाभाविक लबाडी प्रत्येकजण करतो ती होऊ देऊ नये. पुरुषाचा घेर ९० सेंटिमीटर आणि स्त्रीचा ८० सेंटिमीटर यांपलीकडे गेला, की वजन काहीही असो, सावध झाले पाहिजे. कारण त्वचेखालची चरबी त्या मानाने निरुपद्रवी असते. आतड्यांभोवती आणि यकृतात साठणारा मेद मात्र मोठा उपद्व्यापी. त्याच्यामुळे यकृत इन्शुलिनचा हुकूम मानीनासे होते, जेवण झालेले असतानाही रक्तात साखर सोडत राहते, मेदाचे कण रक्तप्रवाहात लोटते. इन्शुलिन वाढवून शरीर हे काही काळ सावरते, आणि त्या वाढलेल्या इन्शुलिनमुळे मूत्रपिंडे मीठ धरून ठेवतात आणि रक्तदाब चढतो. मधुमेह, रक्तदाब, रक्तातील बिघडलेली चरबी आणि हृदयविकार हे चार वेगळे रोग म्हणून आपण चार डॉक्टरांकडे नेतो. त्यांच्या मुळाशी पुष्कळदा हा एकच मेद बसलेला असतो.

आणि येथेच आशेला जागा आहे. उपद्रवी मेद हा जाताना सर्वांच्या आधी जातो. आहार आवरला की यकृतातील चरबी काही दिवसांतच उतरू लागते, कमरेचा घेर मागाहून आणि आरशातील रूप तर सर्वांत शेवटी बदलते. वजनाचा शेकडा ५ ते १० इतका भाग उतरला, म्हणजे ७० किलोच्या माणसाचे साडेतीन ते सात किलो कमी झाले, तरी साखर, रक्तदाब आणि रक्तातील चरबी या तिन्हींत लक्षणीय सुधारणा होते. रक्तदाब तर किलोमागे सुमारे एक मिलिमीटर या हिशेबाने उतरतो. चित्रपटातील नायकासारखे शरीर कमावण्याची येथे मुळीच गरज नाही.

याला प्रमाण काय, असे विचारणाऱ्याने तीन प्रयोग ध्यानात ठेवावेत. चीनमधील दाचिंग येथे १९८६ साली मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५७७ माणसांवर प्रयोग सुरू झाला. सहा वर्षे त्यांपैकी बहुतेकांना आहार-व्यायामाचे शिक्षण मिळाले, आणि ३० वर्षांनी पाहिले तेव्हा त्यांचा मधुमेह सरासरी चार वर्षे लांबणीवर पडला होता, हृदयविकाराचे व पक्षाघाताचे प्रसंग कमी झाले होते आणि मृत्यूही घटले होते. २००२ साली अमेरिकेत ३२३४ माणसांच्या प्रयोगाने दाखविले की वजन शेकडा ७ ने उतरविण्याचे उद्दिष्ट आणि आठवड्याला १५० मिनिटांचा व्यायाम यांनी मधुमेहाचा धोका शेकडा ५८ ने घटतो, तर मेटफॉर्मिन या औषधाने शेकडा ३१ ने. तिसरा प्रयोग आपल्या देशातला, चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांचा, २००६ सालचा, ५३१ माणसांवरचा. आणि माझ्या मते आपल्या दृष्टीने तो सर्वांत मोलाचा. त्यात आहार-व्यायामाने मधुमेहाचा धोका शेकडा २८.५ ने उतरला, आणि विशेष हे की त्या माणसांचे वजन जवळजवळ हललेच नाही! काट्याला ज्याचा पत्ता लागला नाही ते काम देहाच्या आत झाले होते.

परंतु दुसरी बाजू लपविणे विद्वत्तेला शोभणारे नाही. ज्यांना मधुमेह आधीच जडलेला आहे अशा ५१४५ स्थूल अमेरिकनांवर वर्षानुवर्षे चाललेल्या एका मोठ्या प्रयोगात वजन उतरले, साखर सुधारली, औषधे कमी झाली, पण हृदयविकाराचे झटके आणि पक्षाघात यांची संख्या म्हणावी तशी घटली नाही. २०१३ साली हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला तेव्हा अनेकांचा विरस झाला. त्यातून घ्यायचा तो बोध एवढाच की आहार-व्यायामाचे सामर्थ्य उंबरठ्यावर असताना अधिक असते, रोग घरात शिरून स्थिरावल्यावर कमी. आणि रोग स्थिरावल्यावर रक्तदाबाची व साखरेची गोळी ‘आता मी फिरायला जातो’ या सबबीवर बंद करणे आत्मघातकी आहे.

आपल्या काटकुळ्या माणसाच्या बाबतीत आणखी एक इशारा दिला पाहिजे. केवळ उपाशी राहून जे वजन उतरते त्यातील साधारण पाव हिस्सा चरबीचा नसून स्नायूंचा असतो, आणि ज्याच्याकडे जन्मापासूनच स्नायूंची शिल्लक थोडी, त्याने तीच खर्च करून टाकावी यासारखा तोट्याचा व्यवहार नाही. जेवणानंतर रक्तात येणारी साखर शोषून घेण्याचे मुख्य काम स्नायूच करतात. आणि श्रम करणारा स्नायू इन्शुलिनची वाट न पाहता साखर आत ओढतो. म्हणून आहाराची काटकसर आणि श्रमाची वाढ ही जोडी फोडता येत नाही. आपल्या प्राचीनांनाही याची जाण होती. चरकाने अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांचाही विचार निंद्यांच्या एकाच अध्यायात केला, आणि सुश्रुताने प्रमेहाचे रोगी कृश व स्थूल असे दोन प्रकारचे सांगून निर्धन रोग्याला योजनेच्या योजने चालण्याचा, गाई राखण्याचा, विहीर खणण्याचा उपाय लिहून ठेवला.

रोगाने आपल्यालाच गाठल्यावर जाणता माणूस काय करतो, हे पाहायचे तर गडचिरोलीतच पाहता येईल. गांधीविचारांच्या वातावरणात, वर्ध्याच्या परिसरात वाढलेल्या डॉ. अभय बंग यांना चाळिशी उलटल्यावर हृदयविकाराने गाठले. दुसऱ्यांच्या आरोग्यासाठी रात्रंदिवस राबणारा माणूस आपल्या हृदयाच्या बाबतीत गाफील राहिला, याची त्यांनी ‘माझा साक्षात्कारी हृदयरोग’ या पुस्तकात निःसंकोच मीमांसा केली. आहारातील स्निग्धांश, नियमित चालणे, योगासने, ध्यान आणि मनावरचा ताण यांचा त्यांनी स्वतःच्या देहावर घेतलेला शोध हजारो मराठी घरांत वाचला गेला. त्या पुस्तकाचे यश मला या गोष्टीत दिसते की त्यातील रुग्ण हा कोणाच्या हुकमाची तामिली करीत नाही. तो प्रश्न विचारतो, मोजतो, बदलतो आणि पुन्हा मोजतो.

विदर्भाचेच दुसरे सुपुत्र डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या विचारांवरून डॉ. जगन्नाथ दीक्षित यांनी प्रचारात आणलेली दोन वेळा जेवण्याची पद्धती आज चंद्रपूरच्या वसाहतींतूनही पाळली जाते. भूक लागेल त्या दोन वेळा, पंचावन्न मिनिटांच्या आत जेवणे, मध्ये काही न खाणे आणि पंचेचाळीस मिनिटे चालणे, असा तिचा सुटसुटीत आराखडा आहे. दिवसभर चहा-बिस्किटे, समोसा आणि आलुबोंडा यांचा जो अखंड रतीब कचेऱ्यांतून चालतो तो तिने थांबविला, हा तिचा मोठाच उपकार. पण इन्शुलिन किंवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने डॉक्टरला न विचारता जेवणे तोडू नयेत, गर्भवतीने आणि वाढत्या मुलाने तर या वाटेला जाऊच नये. आणि कोणतीही पद्धती घ्या, तिची परीक्षा तिसऱ्या महिन्यात नव्हे, तिसऱ्या वर्षी होते. जी माणसाला जन्मभर पाळता येते तीच त्याच्यासाठी उत्तम.

आता झाडीपट्टीच्या ताटाकडे या. मध्यभागी भाताचा डोंगर, त्यावर पातळ वरण, कडेला जवसाची चटणी, एखादी भाजी, आणि लोणचे किंवा सुकी मासळी. यातील एकही पदार्थ मुळात दोषी नाही. जवस तर हृदयाला हितकर अशा स्निग्धांचे आगर आहे. बिघडले ते प्रमाण. उखळात सडलेला, कोंडा राखून असलेला तांदूळ गेला आणि गिरणीतला पांढरा शुभ्र, चटकन साखर होणारा तांदूळ आला. स्वस्त धान्य दुकानाने भुकेचा बंदोबस्त केला, हे त्याचे ऋण मान्यच आहे, पण ताटातील वैविध्य त्याला पुरविता आले नाही. दिवसभर रोवणी करणाऱ्या बाईच्या अंगात तो भात जिरून जाई. आता बांधीत ट्रॅक्टर आणि कापणीयंत्र आले, सायकलीच्या जागी मोटारसायकल आली, भाताचा डोंगर मात्र जागचा हलला नाही. उपाय भात सोडणे हा नव्हे: भात निम्मा करावा, डाळ आणि भाजी दुप्पट करावी, आणि कोसरीसारखे भरड धान्य जेथे अजून पिकते तेथे ते विकून पांढरा तांदूळ विकत घेऊ नये.

श्रमाची गोष्टही तशीच. १९५३ साली जेरेमी मॉरिस यांनी लंडनच्या दुमजली बसगाड्यांवर दाखविले की दिवसभर बसून असणाऱ्या चालकांपेक्षा जिने चढउतार करणाऱ्या वाहकांना हृदयविकार कमी होतो. एकाच खात्यातली, एकाच गाडीवरची माणसे, फरक फक्त हालचालीचा. आपल्या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या सगळेच वाहक होते. खाणीतील यंत्र आणि कचेरीतील खुर्ची यांनी पुष्कळांना चालक केले. त्यांना आठवड्याला १५० मिनिटे दमदार चालण्याचा सल्ला द्यावा, जोडीला दोन दिवस स्नायूंना जोर पडेल असा व्यायाम सांगावा. परंतु सल्ला देणाऱ्याला स्थळाचे भान हवे. ज्या शहरात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो तेथे चालणे पहाटेच उरकले पाहिजे. आणि ताडोबाला लागून असलेल्या गावांत, जेथे पहाटे मोहफुले वेचायला गेलेल्या बायांवर वाघाने झडप घातल्याचे प्रसंग घडतात, तेथे ‘पहाटे फिरायला जा’ असे छापून वाटणे म्हणजे वास्तवाची थट्टा होय. तेथे शाळेचे पटांगण, गावातला डांबरी रस्ता किंवा घरचे अंगणच व्यायामशाळा झाली पाहिजे.

तेव्हा एकाच छापील सल्ल्याऐवजी तीन सल्ले हवेत. चंद्रपूरच्या पगारदाराला सांगावे: कंबर मोज आणि वजनाचा शेकडा ५ ते १० भाग उतरव. झाडीपट्टीच्या शेतकऱ्याला सांगावे: वजनाची चिंता फार करू नकोस, भात आवर, मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत आण, आणि पन्नीत घोटलेला तो तंबाखू-सुपारी-चुन्याचा खर्रा थुंकून टाक, कारण रक्तवाहिन्यांचा एवढा स्वस्त शत्रू दुसरा नाही. आणि रानातल्या माडियाला वजन घटविण्याविषयी चकार शब्द बोलू नये. त्याचा रक्तदाब मोजावा, त्याला औषध नियमाने मिळेल अशी तजवीज करावी, आणि त्याच्या बायकोला गर्भारपणी पोटभर व चौरस अन्न मिळेल हे पाहावे. याज्ञिकांच्या संशोधनाचा अर्थ हाच की पुढच्या पिढीच्या हृदयाची काळजी आईच्या ताटापासून सुरू होते. कुपोषणाविरुद्धची जुनी लढाई आणि मेदाविरुद्धची नवी लढाई या येथे एकच होऊन जातात, आणि पूर्वपक्षाचे जे काही शिल्लक होते त्याचेही उत्तर येथे मिळते.

या सर्वांत व्यक्तीच्या निग्रहावर सगळा भार टाकून सरकारने आणि समाजाने मोकळे व्हावे, हे मला मान्य नाही. आशा कार्यकर्तीच्या पिशवीत रक्तदाबाचे यंत्र आणि फीत हवी, आणि उपकेंद्रावर महिनाभराच्या गोळ्या खात्रीने मिळाव्यात. स्वस्त धान्य दुकानातून डाळ आणि भरड धान्य यावे. गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि चंद्रपुरात २०१५ ते २०२१ ती होती, यावर आपण उच्चरवाने वाद घातले. खर्ऱ्यावर आणि मिठावर त्याच्या शतांशाने तरी बोलावे. दिवाळीनंतर गावोगाव भरणाऱ्या मंडईच्या जत्रेत, वडशाच्या नाटकमंडळींचा प्रयोग पाहायला हजारोंनी माणसे जमतात. त्या मांडवाच्या दाराशी एक टेबल टाकून तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाचा रक्तदाब आणि कमरेचा घेर मोजायला किती खर्च येईल? व्याख्यानमालेच्या चालकांना माझी विनंती आहे की यंदाच्या मंडईत असे एक तरी टेबल त्यांनी मांडावे, आणि पुढल्या वर्षी माझ्या जागी जे कोणी उभे राहतील त्यांना बोलण्यासाठी या मुलखाचे स्वतःचे आकडे द्यावेत.